हॅमिल्टनची लँकेस्टर आणि अँड्र्यू मिनार्स्की

मिसिसागा, ऑन्टारियो
२२ जून

ती. अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

आईलाही नमस्कार. पत्र नेहमीसारखं तिला मोठ्याने वाचून दाखवालच, फक्त मधला आगीचा भाग जरा सांभाळून वाचा.

तुमचं पत्र पोचलं. पाऊस वेळेवर लागला, राब चांगले उगवलेत, हे वाचून जीव भांड्यात पडला. कुळथाचं पीठ आणि कोकमं मिळाली. तुमच्या नातीला कुळथाची पिठी इतकी आवडली की डब्यात भात-पिठी घेऊन शाळेत जाते.

आता तुम्ही विचारलेल्या फोटोबद्दल. चार इंजिनांचं ते काळंकभिन्न विमान कुठलं आणि त्याच्या अंगावरच्या व्हीआर-ए या अक्षरांचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंत. फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं, पण मला ते तसं सांगायचं नाही. उभी उमर एअरफोर्सच्या हँगरमध्ये एअरफ्रेम फिटर म्हणून काढलेल्या माणसाला ही गोष्ट नीट, सगळ्या नटबोल्टांसकट कळली पाहिजे.

विमानाचं नाव लँकेस्टर. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं रात्री उडणारं बॉम्बर. हजारोंनी बांधली गेली, पण आज उडत्या अवस्थेत राखलेली जगात दोनच आहेत. एक इंग्लंडच्या हवाई दलाकडे, दुसरं आमच्याकडे हॅमिल्टनला, विमानतळालगतच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये. आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. हे विमान १९४५ साली बांधलं ते माल्टनला, व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात. तुम्ही दोघं आलात तेव्हा ज्या पिअर्सन विमानतळावर उतरलात ना, तो त्याच माल्टनच्या माळावर उभा आहे. युद्धात तिथे ४३० लँकेस्टर बांधल्या गेल्या. रिव्हेट मारायला, वायरिंग ओढायला बायकासुद्धा मोठ्या संख्येने होत्या. आता तिथे गुरुद्वारा आहे, मिठाईची दुकानं आहेत, माझं ऑफिसही तिथेच आहे. रोज त्या रस्त्याने जाते, आणि ही गोष्ट कळल्यापासून मला ती जागा वेगळी दिसते.

युद्ध संपल्यावर हे विमान काही वर्षं कॅनडाच्या हवाई दलात होतं. मग निवृत्त झाल्यावर ह्युरॉन सरोवराकाठच्या गॉडरिच गावी चौथऱ्यावर चढवून उन्हापावसात उभं केलं. १९७७ मध्ये म्युझियमवाल्यांनी ते ताब्यात घेतलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं खपून पुन्हा जिवंत केलं. २४ सप्टेंबर १९८८ ला ते परत आकाशात गेलं. अण्णा, काम करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक, तुमच्यासारखे निवृत्त फिटर, इलेक्ट्रिशियन. २०१४ मध्ये तर ते लॅब्राडोर, ग्रीनलंड, आइसलँड असे टप्पे घेत अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेलं आणि तिथल्या जोडीदाराबरोबर उडून परत आलं. तुम्ही असतात तर एकेका रिव्हेटच्या रांगेवरून हात फिरवत दिवस घालवला असतात.

पण याच्या अंगावर रंगवलेला नंबर याचा स्वतःचा नाही. तो आहे केबी ७२६, आणि व्हीआर-ए ही त्याच केबी ७२६ ची खूण. व्हीआर म्हणजे कॅनडाच्या हवाई दलाची ४१९ वी स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, आणि ए म्हणजे तिच्यातलं ते एक विमान. तेही माल्टनचंच. १३ जून १९४४ ला ते फ्रान्समध्ये पडलं. त्यातल्या एका माणसाच्या आठवणीसाठी या विमानाने त्याचा वेश घेतला आहे. त्याचं नाव अँड्र्यू मिनार्स्की.

अँड्र्यू विनिपेगचा. जन्म १४ ऑक्टोबर १९१६. आईवडील पोलंडहून आलेले. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले, आणि घरात आई, दोन भाऊ, तीन बहिणी. मग पोरगा चामड्याच्या कारखान्यात मऊ कातडी कापायच्या कामाला लागला आणि घर चालवायला हातभार लावू लागला. आई, तुला आपल्या मामांची आठवण येईल हे वाचून, मला आली. १९४१ मध्ये तो हवाई दलात भरती झाला, गनर म्हणजे विमानातली मशीनगन चालवणारा झाला, आणि इंग्लंडच्या उत्तरेला मिडलटन सेंट जॉर्ज या तळावर पोचला.

लँकेस्टरमध्ये सात जण असत. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. एक गनर विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात, दुसरा अगदी शेपटीच्या टोकाला. मिनार्स्की पाठीवरचा. शेपटीतला होता पॅट ब्रॉफी. दोघांची गट्टी. ब्रॉफी ऑफिसर, मिनार्स्की हुद्द्याने खालचा. दोघं रात्री बाहेरून फिरून आले की आपापल्या खोलीकडे वळताना मिनार्स्की टाच जुळवून कडक सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "गुड नाइट, सर!" रोजची थट्टा. हे लक्षात ठेवा अण्णा, पुढे लागणार आहे. त्या शेवटच्या उड्डाणाच्या तोंडावर मिनार्स्कीलाही ऑफिसरचा हुद्दा मिळाला होता.

आता शेपटीतल्या टरेटबद्दल, म्हणजे गनर बसतो त्या फिरत्या कोठडीबद्दल, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. म्युझियममध्ये मी मागून जाऊन ते नीट पाहिलं. आपल्या देवघराएवढी जागा. पुढे चार ब्राउनिंग मशीनगन, तिन्ही बाजूंनी काच, पाठीमागे दोन सरकती दारं. आत माणूस बसला की त्याच्या अंगावर पॅराशूटला जागाच उरत नाही, म्हणून पॅराशूट दाराबाहेर, विमानाच्या पोटात अडकवून ठेवलेलं. म्हणजे बाहेर पडायचं तर आधी टरेट सरळ रेषेत आणायचं, मग दारं उघडायची, मागे हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीला लावायचं, आणि मग उडी. टरेट फिरतं हायड्रॉलिक्सवर, म्हणजे तेलाच्या दाबावर. आणि शेपटीच्या टरेटला दाब पुरवतो डावीकडचा बाहेरचा इंजिन-पंप. तुम्हाला एवढं सांगितलं की पुढचं तुम्हीच ओळखाल. ते इंजिन गेलं की टरेट जिथे असेल तिथे ठप्प. मग राहतो फक्त हाताने फिरवायचा दांडा.

मी त्या काचेला नाक लावून आत पाहत उभी होते. बसायची जागा, पायाखाली जेमतेम पाऊल मावेल एवढी फळी. रात्रीचे सहा-सात तास तिथे, बाकी सहा जणांपासून दूर, थंडीत, पाठ विमानाकडे आणि तोंड अंधाराकडे करून बसायचं. माझ्या शेजारी एक म्हातारे स्वयंसेवक होते, ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

१२ जूनच्या रात्री या सात जणांची तेरावी मोहीम होती. उड्डाणाआधी सगळे विमानाजवळच्या गवतात पाठ टेकून पडले होते. मिनार्स्कीला गवतात चार पानांचा क्लोव्हर सापडला. ही मंडळी तो शुभशकुन मानतात. त्याने तो उचलून ब्रॉफीला दिला, म्हणाला, तूच ठेव.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून जेमतेम आठवडा झाला होता. जर्मनांना आतून कुमक पोचू नये म्हणून फ्रान्समधले रेल्वेचे यार्ड उद्ध्वस्त करायचे, असं ठरलं होतं. त्या रात्रीचं लक्ष्य काँब्रे इथलं यार्ड. किनारा ओलांडल्यावर सर्चलाइटच्या झोतात विमान सापडलं, वैमानिक डी ब्रेन यांनी कसंबसं झुलवत बाहेर काढलं. पुढे मध्यरात्र उलटून गेल्यावर जर्मनांच्या रात्री शिकार करणाऱ्या विमानाने, जंकर्स ८८ ने, खालून येऊन गोळ्या घातल्या. ब्रॉफीने त्याला पाहून ओरडून सांगितलं होतं, पण वेळ मिळाला नाही. डाव्या पंखावरची दोन्ही इंजिनं गेली. पंखाला आग, आणि पोटात मिनार्स्की आणि ब्रॉफी यांच्या मधोमध हायड्रॉलिक तेलाला आग. वैमानिकाने उडी मारायचा हुकूम दिला.

पुढचे पाच जण पुढून निघाले. मिनार्स्की आपल्या घुमटातून उतरून मागच्या दाराशी आला. दार उघडलं. छातीवर पॅराशूट होतं. पुढे फक्त पाऊल टाकायचं बाकी.

तेव्हा त्याची नजर शेपटीकडे गेली. ब्रॉफीचं टरेट तिरकं अडकलं होतं. ब्रॉफीने दारं फटीएवढी उघडून पॅराशूट ओढून घेतलं होतं, टरेट हाताने फिरवायला दांडा धरला, तर दांडाच तुटून हातात आला. बाहेर पडायला वाट नाही. मिनार्स्कीने हे पाहिलं आणि दार सोडून तो आगीकडे वळला. तेल पेटलेलं, त्यातून हातापायांवर रांगत तो टरेटपाशी पोचला. आग विझवायच्या सामानातली कुऱ्हाड घेऊन टरेटवर घाव घातले. थोडं हललं, पुरेसं नाही. मग कुऱ्हाड टाकून उघड्या हातांनी दारं ओरबाडू लागला. तोवर कमरेपर्यंत त्याचे कपडे पेटले होते, पॅराशूटही.

ब्रॉफीने त्याला आतून खुणेने आणि ओरडून सांगितलं, जा, मागे फिर, काही होणार नाही. बऱ्याच वेळाने त्याने ऐकलं. पाठ न दाखवता, ब्रॉफीकडे पाहत तो आगीतून तसाच मागे रांगत गेला. दाराशी पोचल्यावर उभा राहिला. जळत्या कपड्यांत ताठ झाला, सॅल्यूट केला, आणि ओठ हलले. आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता, पण ब्रॉफीला शब्द कळले. गुड नाइट, सर.

मग त्याने उडी मारली.

खालच्या शेतांतल्या फ्रेंच लोकांनी पेटत उतरणारा माणूस पाहिला. ते धावत गेले, त्याला उचललं, पण जखमा इतक्या होत्या की थोड्याच वेळात तो गेला. वय सत्तावीस. फ्रान्समध्येच आमियाँपासून जवळ मेहारिकूर गावच्या दफनभूमीत त्याला ठेवलं आहे.

आता ब्रॉफीचं ऐका. तो आत अडकलेलाच होता, विमान गौदियाँप्रे गावाजवळ जमिनीवर आलं, पोटात बॉम्ब तसेच. डावा पंख एका झाडावर आदळला, विमान गरकन वळलं, शेपटी फुटली आणि टरेटमधला ब्रॉफी बाहेर भिरकावला गेला. डोळे उघडले तेव्हा तो एका झाडाला पाठ लावून पडला होता. हातपाय जाग्यावर. घड्याळ दोन वाजून तेरा मिनिटांवर बंद पडलेलं. ज्याच्या वाचण्याची काडीचीही आशा नव्हती तो वाचला, आणि ज्याच्यापुढे दार उघडं होतं तो गेला.

बाकीचे पाचही जण वाचले. दोघं जर्मनांच्या हाती लागले. ब्रॉफीसकट चौघांना फ्रेंच गावकऱ्यांनी आठवडेच्या आठवडे घरांत, गोठ्यांत, माळ्यांवर लपवलं. पकडले गेले असते तर त्या गावकऱ्यांना गोळीच. सप्टेंबरात चौघं इंग्लंडला परत पोचले. तिथे वायरलेसवाला जिम केली याने ब्रॉफीला सांगितलं, एका फ्रेंच माणसाने मला जळलेलं हेल्मेट दाखवलं, त्याच्यावर पुढे "अँडी" असं रंगवलेलं होतं. तोवर ब्रॉफीला आपला मित्र जिवंत आहे की नाही हेही माहीत नव्हतं.

त्यानंतर ब्रॉफीने जे पाहिलं ते सांगितलं. त्याच्याशिवाय ते पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतंच. वैमानिक डी ब्रेन यांनी मग पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यांत मोठं पदक, जाहीर झालं. पदक विनिपेगला त्याच्या आईच्या हाती दिलं. ब्रॉफी पुढे कितीतरी वर्षं जगला आणि नेहमी म्हणायचा की मी जे पाहिलं ते जगाला कळावं यासाठीच देवाने मला ठेवलं.

अण्णा, मी या गोष्टीवर खूप विचार केला आहे. हिशेब मांडला तर मिनार्स्कीच्या हाती काय लागलं? टरेट उघडलं नाही. ब्रॉफी त्याच्यामुळे वाचला नाही, झाडामुळे वाचला. तो आधीच उडी मारून मोकळा झाला असता तर सातच्या सात जण जिवंत परतले असते. पण हा हिशेब नंतरचा आहे. त्या क्षणी त्याला एवढंच दिसत होतं की माझा माणूस आत अडकलाय. पोचता येईल की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला असेल असं मला वाटत नाही. आणि व्हिक्टोरिया क्रॉस देणाऱ्यांनीही तो जमलं की नाही हे पाहून दिला नाही, याचं मला मोल वाटतं. आपल्याकडे शाळेत पहिला आलेल्याचाच फोटो लागतो.

तुम्ही लगेच दुसरा प्रश्न विचाराल, मला माहीत आहे: "अगं, पण हे लोक बॉम्ब कुणावर टाकत होते?" विचारलाच पाहिजे. १९४३ च्या जुलैअखेर हॅम्बर्ग शहरावर जे हल्ले झाले त्यात आठवडाभरात तीस हजारांहून जास्त माणसं गेली, बायकापोरंच जास्त. १९४५ मध्ये ड्रेस्डेनला सुमारे पंचवीस हजार. फ्रान्समध्ये रेल्वेवर टाकलेले बॉम्ब शेजारच्या घरांवरही पडले, तिथलेही हजारो गेले. हे काही इंग्रजांनीही विसरलेलं नाही. म्हणूनच तर बॉम्बर कमांडच्या, म्हणजे त्यांच्या बॉम्बर विमानांच्या दलाच्या, मृतांचं लंडनमधलं स्मारक २०१२ पर्यंत झालं नाही, इतकी वर्षं लोकांना काय म्हणावं ते कळत नव्हतं. सुमारे सव्वा लाख तरुण या विमानांतून उडले आणि त्यांतले ५५,००० हून अधिक मेले. त्यांत कॅनडाचेच सुमारे दहा हजार. बहुतेकांची वयं वीस-बावीस. वरून दिलेला हुकूम त्यांचा नव्हता, पण बॉम्बचं बटण त्यांच्याच हाताखाली होतं. मी दोन्ही गोष्टी खऱ्या मानते. एकीने दुसरी पुसली जात नाही, आणि कुणी तसं करायला लागलं की मला राग येतो.

पण सगळ्यांत जास्त मला ते फ्रेंच शेतकरी भिडतात. त्यांच्याच देशावर हे बॉम्ब पडत होते. रात्री डोक्यावरून विमानं गेली की त्यांच्या पोरांनी पलंगाखाली शिरायचं. आणि तरी तो पेटलेला परका पोरगा शेतात उतरला तेव्हा ते त्याच्याकडे धावले. बाकीच्यांना घरात घेतलं.

आता जे सांगण्यासाठी एवढं लांबण लावलं ते सांगते. म्युझियममध्ये त्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांनी मला विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, महाराष्ट्रातली, रायगड जिल्ह्यातल्या माणगावची. आणि मग मीच त्यांना म्हटलं, आमच्या तालुक्यातही एक व्हिक्टोरिया क्रॉस आहे. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि म्हणाले, सांग.

मग मी तुम्ही आम्हाला सांगायचात तसंच सांगितलं. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, म्हणजे मिनार्स्की गेला त्यानंतर सत्ताविसाव्या दिवशी. जागा इटलीतली, टायबर नदीचं वरचं खोरं. त्याची सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, चढत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून सगळे जागीच मेले किंवा जखमी झाले. बाविसाव्या वर्षी हा माणूस एकटा त्या मशीनगनवर चालून गेला. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंजला. ठाणं घेतलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या आणि तिथेच, जिंकलेल्या ठाण्यात, गेला. त्याची कबर नाही, नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. पदक घ्यायला दिल्लीला त्याची तरुण बायको गेली.

म्हातारे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, तेव्हा तुमचा देश तर इंग्रजांच्या ताब्यात होता ना? मी म्हटलं, हो. त्याच वेळी नेहरूंसकट काँग्रेसचे मोठे पुढारी आमच्याच अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. हे सांगताना माझा आवाज चढला असावा. पण अण्णा, घाडगेंनी काय आणि मिनार्स्कीने काय, ज्या सैन्यासाठी जीव दिला त्या सैन्याचं राजकारण त्यांनी ठरवलं नव्हतं. एक पोलिश स्थलांतरिताचा मुलगा, कातडी कापून घर चालवणारा. एक कोकणातल्या डोंगरातल्या वाडीचा शेतकऱ्याचा मुलगा. साहेबाच्या लेखी दोघंही कोण होते? मला वाटतं त्यांना आपण साहेबाच्या हिशेबातून काढून आपल्या हिशेबात घ्यायला हवं.

इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं, हे मी म्हाताऱ्यांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, नाव देवनागरीतही लिहून घेतलं.

इथे आठवण ठेवण्याच्या पद्धती पाहिल्या की मला हेवा वाटतो. विनिपेग ज्या मॅनिटोबा प्रांतात आहे तिथे असंख्य तळी. त्या प्रांताने युद्धात गेलेल्या आपल्या पोरांची नावं तळ्यांना, बेटांना, भूशिरांना दिली. चार हजारांवर ठिकाणं अशी. मिनार्स्कीच्या नावाने तीन तळी आहेत, शिवाय विनिपेगला एक शाळा. मिडलटन सेंट जॉर्जला जिथून तो शेवटचा उडाला तिथे २००५ पासून त्याचा पुतळा आहे. आणि नोव्हेंबरच्या अकरा तारखेला अकरा वाजता, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी, दोन मिनिटं सगळं थांबतं, माझ्या ऑफिसातसुद्धा. काळ्या ओव्हरकोटवर त्याच आठवणीची खूण म्हणून लाल पॉपीचं फूल लावलेली चिनी, पंजाबी, पोर्तुगीज माणसं रस्त्यात दिसतात. पुतळे आपल्याकडेही आहेत, हार आपणही घालतो. पण इथे गोष्ट सांगतात. काय झालं, कुठल्या क्रमाने झालं, कुठलं हँडल तुटलं, हे तपशिलासकट. पुतळ्याकडे पाहून पोराला कळतं की कुणीतरी मोठा माणूस होता. त्याने काय केलं ते कळायला सांगणारं माणूस लागतं. ब्रॉफी ते आयुष्यभर करत राहिला. आमच्या घरात ते तुम्ही केलंत. बाजारातून येताना पिशवी खाली ठेवून पुतळ्यासमोर आम्हाला बसवायचात आणि मशीनगन कुठे, घाडगे कुठे, हे काडीने मातीत आखून दाखवायचात. म्हणूनच परवा हॅमिल्टनला मला ते धडाधड सांगता आलं.

तर माझी एक मागणी आहे. १० जुलै जवळ आला आहे. दादाच्या पोराला घेऊन माणगावच्या पुतळ्यापाशी जा आणि पूर्वी आम्हाला सांगायचात तशी सगळी गोष्ट त्याला सांगा. काडीने आखून. दादाला म्हणावं मोबाइलवर रेकॉर्ड कर, आडवा धर, आणि मध्ये मध्ये स्वतः बोलू नकोस. ते मला पाठवा. तुमच्या नातीला मी मराठीत सांगते, पण माझ्या सांगण्यात तुमची मजा नाही. म्युझियमच्या त्या म्हाताऱ्यांनाही दाखवायचं आहे. भाषा कळली नाही तरी आखलेलं त्यांना कळेल, ते स्वतः नॅव्हिगेटरचे चिरंजीव आहेत. पाऊस असला तर छत्री घ्या, दुसऱ्या दिवशी गेलात तरी चालेल, तुमचा दमा सांभाळून.

आणि ब्रॉफी आणि मिनार्स्की यांची गोष्टही त्याला सांगा. टरेट, हायड्रॉलिक पंप, तुटलेला दांडा हे तुम्ही माझ्यापेक्षा शंभर पटीने बरं समजावाल. डाव्या बाहेरच्या इंजिनावरच शेपटीच्या टरेटचा दाब का ठेवला असेल, दुसऱ्या इंजिनावरून पर्यायी लाइन का दिली नसेल, हे मला काही उमगलं नाही. तुम्हाला कारण सुचलं तर पुढच्या पत्रात आकृती काढून कळवा.

आईला सांगा, गुडघ्याचं तेल मिळतं ते दुकान इथे सापडलं आहे, पाठवायची गरज नाही. त्याऐवजी जुलैत मावशीचा मुलगा येतोय त्याच्याबरोबर फणसाची साटं दिलीस तर नात तुझ्या नावाने नाचेल. दिवाळीला यायचं जमवतोय. तिकिटांचे भाव उतरले की कळवते.

डॉक्टरांकडे महिनाअखेर जायचं आहे हे विसरू नका. इन्हेलर संपत आला असेल तर आत्ताच आणून ठेवा, पावसात मेडिकलपर्यंत जायची कटकट नको.

तुमची,
धाकटी